बदल केला तरी लोकांना जुनंच पान दिसतंय? ब्राउझर कॅशचा बंदोबस्त मुळापासून कसा करायचा

साईटवर बदल केला, अपलोड केला, आपल्याकडे एकदम नीट दिसतोय, आणि थोड्या वेळात समोरून मेसेज येतो की अहो काहीच बदललेलं नाही, जुनंच दिसतंय. मग आपण सांगतो कॅश (म्हणजे आधी पाहिलेल्या पानाची ब्राउझरने जपून ठेवलेली प्रत) क्लिअर करा, कंट्रोल शिफ्ट आर दाबा, त्या एका माणसाचं काम होतं आणि आपल्याला वाटतं विषय संपला. पण ज्यांनी मेसेज केला नाही ते सगळे अजून जुनंच पान बघतायत, आणि त्यातले कितीतरी मोबाईलवर आहेत जिथे कंट्रोल शिफ्ट आर हा प्रकारच नाही. त्यामुळे 'कॅश क्लिअर करा' हे उत्तर आपण द्यायचंच बंद केलं पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. जुनं पान दिसतं ते बहुतेक वेळा ब्राउझर बिघडलाय म्हणून नाही, तर आपल्या सर्व्हरने त्याला काही सांगितलेलंच नसतं, किंवा चुकीचं सांगितलेलं असतं, म्हणून.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, खाली हेडर (सर्व्हर पानासोबत ब्राउझरला पाठवतो त्या सूचना) आणि सेटिंगची नावं मी देवनागरीत लिहितोय, प्रत्यक्ष फाईलमध्ये ती अर्थातच इंग्रजीतच टाकायची.

आधी शोधा, जुनं पान देतंय कोण

थेट सेटिंग बदलायला धावू नका. जुनी प्रत चार-पाच ठिकाणी बसलेली असू शकते: ब्राउझरची स्वतःची कॅश, बॅक बटणाची वेगळी कॅश, सर्व्हिस वर्कर (साईटने ब्राउझरमध्ये बसवलेली, मागे चालणारी स्क्रिप्ट), मध्ये बसलेलं सीडीएन (साईटच्या प्रती ठेवून लोकांना देणारं सर्व्हरचं जाळं), आणि सर्व्हरवरचं पेज कॅश प्लगिन. प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे, म्हणून आरोपी पक्का केल्याशिवाय हात लावायचा नाही.

डेव्हटूल्स (ब्राउझरमधलीच डेव्हलपरसाठीची खिडकी) उघडा, नेटवर्क टॅबवर जा आणि 'डिसेबल कॅश' ची खूण काढलेली आहे ना ते बघा. ही खूण डेव्हटूल्स उघडं असेपर्यंतच लागू असते, पण बरेच जण ती कायम लावून ठेवतात आणि मग त्यांना स्वतःच्या साईटवर कॅशचा त्रास कधी दिसतच नाही. आता साईटच्या दुसऱ्या एखाद्या पानावर जा आणि तिथून लिंकवर क्लिक करून त्या पानावर या. रिलोड करू नका. हे महत्त्वाचं आहे, कारण साधं रिलोड मारलं तरी ब्राउझर मुख्य पानासाठी सर्व्हरला विचारायला जातोच, आणि लिंकवरून आलेला सामान्य माणूस मात्र कॅशमधलीच प्रत घेऊन बसतो. आपण दिवसभर एफ फाईव्ह दाबत काम करतो म्हणून आपल्याला नवीन दिसतं आणि लोकांना जुनं. इन्कॉग्निटोमध्ये तपासणंही तसंच फसवं, तिथे कॅश रिकामी असते म्हणून सगळं ताजंच येणार.

आता यादीतल्या पहिल्या ओळीचा साइझ कॉलम बघा. तिथे 'डिस्क कॅश' किंवा 'मेमरी कॅश' लिहिलं असेल तर ब्राउझरने सर्व्हरला विचारलंच नाही, स्वतःकडचं दिलं. 'सर्व्हिस वर्कर' लिहिलं असेल तर गुन्हेगार तो. स्टेटस ३०४ असेल तर ब्राउझरने विचारलं आणि सर्व्हरच म्हणाला की काही बदललेलं नाही, म्हणजे गडबड सर्व्हर किंवा सीडीएनकडे आहे. आणि २०० येऊन पूर्ण पान डाउनलोड झालं तरी आतला मजकूर जुना, तर सीडीएन किंवा पेज कॅश प्लगिन.

त्या ओळीवर क्लिक करून रिस्पॉन्स हेडर्स वाचा. 'एज' (Age, म्हणजे वय) नावाचं हेडर दिसलं आणि त्यात समजा ५४०० असेल, तर ही प्रत मधल्या कुठल्यातरी कॅशमध्ये ५४०० सेकंद म्हणजे दीड तास पडून आहे. क्लाउडफ्लेअर असेल तर 'सीएफ-कॅश-स्टेटस' मध्ये हिट, मिस किंवा डायनॅमिक लिहिलेलं असतं, बाकीची बरीच सीडीएन 'एक्स-कॅश' दाखवतात. टर्मिनलची सवय असेल तर कर्ल या कमांडला कॅपिटल आय ऑप्शन देऊन तो पत्ता मारा, फक्त हेडर्स येतात आणि ब्राउझरचा संबंधच राहत नाही.

काहीच सांगितलं नसेल तर ब्राउझर अंदाज लावतो

बऱ्याच लोकांना वाटतं की मी कॅशचं काही सेटिंगच केलेलं नाही म्हणजे कॅश होणारच नाही. उलट आहे. मुदत दिलेली नसेल तर ब्राउझरला स्वतः अंदाज लावायची मुभा एचटीटीपीच्या नियमांतच दिलेली आहे (आत्ताचा आरएफसी ९१११, वर्ष २०२२), आणि नेहमीचा हिशोब म्हणजे फाईल शेवटची बदलल्यापासून जितका काळ गेला त्याच्या दहा टक्के. म्हणजे तुमचं 'आमच्याविषयी' चं पान १०० दिवसांपूर्वी बदललं होतं, सर्व्हर फक्त 'लास्ट-मॉडिफाइड' पाठवतोय आणि 'कॅश-कंट्रोल' काहीच नाही, तर ब्राउझर ते पुढचे १० दिवस न विचारता दाखवू शकतो. जुनी, बरेच महिने हात न लावलेली पानं बदलली की सगळ्यात जास्त तक्रारी का येतात याचं उत्तर यात आहे. जितकं पान जुनं तितका ब्राउझरचा विश्वास जास्त.

म्हणून पहिला नियम, प्रत्येक रिस्पॉन्सवर कॅश-कंट्रोल स्पष्ट असलं पाहिजे. अंदाजाला जागाच ठेवायची नाही.

नो-कॅश आणि नो-स्टोअर, इथेच सगळा गोंधळ

'नो-कॅश' म्हणजे कॅश करू नको असा अर्थ नाही. त्याचा अर्थ, ठेव तुझ्याकडे, पण दर वेळी वापरण्याआधी मला विचार. 'नो-स्टोअर' म्हणजे ठेवूच नको. 'मॅक्स-एज' म्हणजे इतके सेकंद विचारू नको, बिनधास्त वापर. 'मॅक्स-एज' शून्य आणि सोबत 'मस्ट-रिव्हॅलिडेट' हे जवळपास नो-कॅशसारखंच वागतं. 'प्रायव्हेट' म्हणजे फक्त त्या माणसाच्या ब्राउझरने ठेवायचं, मधल्या कुणी नाही, आणि 'एस-मॅक्सएज' ही फक्त मधल्या कॅशसाठीची मुदत.

कुठेही शोधलं की एक तीन ओळींचा तुकडा सापडतो, नो-कॅश, नो-स्टोअर, मस्ट-रिव्हॅलिडेट, त्याखाली प्राग्मा नो-कॅश, त्याखाली एक्सपायर्स शून्य. लोक तो उचलून अख्ख्या साईटला लावून टाकतात. जुनं दिसायचं थांबतं हे खरं, पण मग प्रत्येक क्लिकला प्रत्येक फोटो, प्रत्येक फॉन्ट, प्रत्येक स्क्रिप्ट पहिल्यापासून डाउनलोड होते आणि हळू नेटवाल्या माणसाचे हाल होतात. एवढी गरजच नसते. प्राग्मा हे एचटीटीपी १.० च्या काळातलं हेडर आहे आणि तेही रिक्वेस्टसाठी, रिस्पॉन्समध्ये त्याला ठरलेला अर्थच नाही, आज ते नवीन लिहिण्यात काही हशील नाही.

नो-कॅश स्वस्त पडतं ते ईटॅगमुळे. सर्व्हर पानासोबत एक खूण पाठवतो, ती ईटॅग. पुढच्या वेळी ब्राउझर 'इफ-नन-मॅच' मध्ये तीच खूण परत पाठवतो, म्हणजे माझ्याकडे ही आवृत्ती आहे, चालेल का. चालत असेल तर सर्व्हर ३०४ देतो, पानाचा मजकूर जातच नाही, फक्त काही हेडर्सची देवाणघेवाण. बदललं असेल तर २०० आणि नवीन पान. त्यामुळे पान कधीच शिळं दिसत नाही आणि नेटही वाया जात नाही.

पण इथे एक खोच आहे. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर साध्या फाईलचा ईटॅग बनवतो तो फाईलची बदलल्याची वेळ आणि फाईलचा आकार या दोनच गोष्टींवरून, आतला मजकूर तो बघत नाही. काही बिल्ड सिस्टिम (कोडवरून साईटच्या तयार फाईली बनवणारी साधनं) सगळ्या फाईलींना मुद्दाम एकच ठराविक तारीख देतात. आता समजा पानात '१.२' चं '१.३' केलं, अक्षरं तेवढीच, आकार तोच, तारीख तीच, तर ईटॅगही तोच, आणि सर्व्हर निष्ठेने ३०४ देत राहतो. सेटिंग सगळं बरोबर असूनही जुनं पान दिसत असेल आणि स्टेटस ३०४ असेल तर सर्व्हरवर जाऊन फाईलची तारीख बघा, १९७० किंवा १९८० असलं काही दिसलं की समजून जा.

तीन ढीग करा

माझी पद्धत अशी, साईटवरून जे काही बाहेर जातं त्याचे तीन ढीग.

पहिला, सगळ्यांना सारखी दिसणारी पानं, म्हणजे एचटीएमएल. यांना फक्त:
कॅश-कंट्रोल: नो-कॅश

दुसरा, सीएसएस, जावास्क्रिप्ट, फॉन्ट, फोटो, ज्यांच्या नावातच आवृत्ती आहे. यांना:
कॅश-कंट्रोल: पब्लिक, मॅक्स-एज=३१५३६०००, इम्युटेबल
३१५३६००० सेकंद म्हणजे एक वर्ष. इम्युटेबल म्हणजे रिलोड मारला तरी याबद्दल विचारायला येऊ नको, हे फायरफॉक्स आणि सफारी पाळतात, क्रोम त्या शब्दाकडे लक्ष देत नाही पण साध्या रिलोडला तसाही तो फक्त मुख्य पानच तपासतो.

तिसरा, लॉगिननंतरची पानं, खातं, ऑर्डर, पेमेंट, रिपोर्ट. यांना:
कॅश-कंट्रोल: प्रायव्हेट, नो-स्टोअर

तिसऱ्या ढिगात चूक झाली तर प्रकरण नुसत्या जुन्या पानावर थांबत नाही. २५ डिसेंबर २०१५ ला स्टीम या गेमच्या दुकानाच्या साईटवर कॅशच्या चुकीच्या सेटिंगमुळे लोकांना दुसऱ्याच लोकांच्या खात्याची पानं दिसायला लागली, साधारण ३४ हजार लोकांची माहिती त्यात आली असं कंपनीनेच नंतर जाहीर केलं. म्हणून लॉगिनमागचं काहीही पब्लिक म्हणून बाहेर जाता कामा नये, इथे थोडा वेग गेला तरी चालेल.

हेडर लिहायचं कुठे

आधी कुठे लिहायचं नाही ते सांगतो. एचटीएमएलच्या हेडमध्ये एचटीटीपी-इक्विव्ह वाला मेटा टॅग टाकून कॅश बंद होते असं अजूनही सांगितलं जातं. त्यावर विसंबू नका. मधली प्रॉक्सी आणि सीडीएन एचटीएमएल उघडून वाचतच नाहीत आणि आजचे ब्राउझरही त्याला भाव देत नाहीत. खरं हेडरच पाठवायला हवं.

अपाची असेल तर एचटीअ‍ॅक्सेस फाईलमध्ये 'फाइल्समॅच' चा ब्लॉक करून एचटीएमएलला एक आणि बाकी फाईलींना दुसरं हेडर द्या, त्यासाठी मॉड-हेडर्स चालू असायला लागतं. हा ब्लॉक फाईलच्या नावावर चालतो, म्हणून पीएचपीतून तयार होणाऱ्या पानांना एचटीएमएलवाला नियम लागत नाही, आणि लोक तासन्तास बघत बसतात की नियम तर लिहिलाय मग लागत का नाही. अशा पानांचं हेडर पीएचपीतच द्यायचं.

एनजिनएक्समध्ये 'अ‍ॅड-हेडर' वापरायचं आणि त्याचा एक स्वभाव लक्षात ठेवायचा. बाहेरच्या सर्व्हर ब्लॉकमध्ये तुम्ही चार हेडर लिहिलेत आणि आतल्या लोकेशन ब्लॉकमध्ये एक लिहिलंत, तर बाहेरचे चारही त्या लोकेशनसाठी गायब होतात, मिसळत नाहीत. कॅशचं एक हेडर आत टाकलं आणि सिक्युरिटीची सगळी हेडर्स उडाली हे यामुळेच होतं. आत लिहायचं तर सगळीच परत लिहा. सिंगल पेज अ‍ॅप (एकच एचटीएमएल फाईल, बाकी सगळी पानं जावास्क्रिप्टने दाखवणारी साईट) असेल तर इंडेक्स एचटीएमएलसाठी बरोबरच्या (=) चिन्हाचा स्वतंत्र लोकेशन ब्लॉक करा आणि त्यात नो-कॅश द्या, ट्राय-फाइल्स (मागितलेली फाईल सापडली नाही तर काय द्यायचं तो नियम) शेवटी जेव्हा इंडेक्सवर पाठवतो तेव्हा लोकेशन परत तपासलं जातं, त्यामुळे आतल्या कुठल्याही पत्त्यावर कोणी थेट आलं तरी हेडर बरोबर जातं.

पीएचपीमध्ये हेडर फंक्शन काहीही छापायच्या आधी चालवायचं, वर एक रिकामी ओळ जरी बाहेर गेली तरी हेडर लागत नाही. सेशन सुरू केलं की पीएचपी मुळात स्वतःच कॅशबंदीची हेडर्स पाठवतं, त्यातली एक्सपायर्सची तारीख कायम १९ नोव्हेंबर १९८१ असते. ती तारीख एखाद्या साध्या सार्वजनिक पानावर दिसली तर समजा की तिथे विनाकारण सेशन सुरू होतंय. जँगोमध्ये व्ह्यूवर 'नेव्हर-कॅश' डेकोरेटर लावला की काम झालं. एक्सप्रेसमध्ये स्टॅटिक फाईलींना मुळात मॅक्स-एज शून्य आणि ईटॅग असतोच, तिथे फक्त नावात आवृत्ती असलेल्या फोल्डरची मुदत वाढवायची.

वर्डप्रेसवाल्यांसाठी खास. थीमची सीएसएस फाईल 'डब्ल्यूपी-एनक्यू-स्टाइल' ने जोडताना चौथा पॅरामीटर आवृत्तीचा असतो. तो दिला नाही तर वर्डप्रेस स्वतःचाच आवृत्ती क्रमांक चिकटवतं, मग तुम्ही सीएसएस कितीही बदला, वर्डप्रेस अपडेट होईपर्यंत पत्ता तोच राहतो आणि लोकांना जुनी डिझाईन दिसते. तिथे 'फाइल-एम-टाइम' देऊन टाका, फाईल सेव्ह केली की आकडा आपोआप बदलतो.

आणि एकच हेडर दोन ठिकाणांहून जात नाही ना ते बघा. अ‍ॅप एक कॅश-कंट्रोल पाठवतंय आणि पुढचा सर्व्हर दुसरं जोडतोय अशा साईट खूप आहेत, दोन विरोधी सूचना मिळाल्यावर कोण कसं वागेल याचा भरवसा नाही.

फाईलचं नाव बदला, हाच पक्का इलाज

ब्राउझरला एकदा सांगितलं की ही फाईल वर्षभर वापर, की तो वर्षभर विचारायला येणार नाही. सर्व्हरवर नंतर तुम्ही काहीही हेडर टाका, तो ते वाचायला येणारच नाहीये. म्हणून फाईल बदलली की तिचा पत्ताच बदलला पाहिजे. बिल्ड टूल वापरत असाल तर व्हीट हे मुळातच करतं, वेबपॅकमध्ये फाईलनावात 'कंटेंटहॅश' लिहायचं, रेल्सचं असेट पाइपलाइनही करतं. मजकुरावरून काढलेला हॅश (मजकुराचा ठसा असलेली अक्षरांची ओळ) नावात आला की मजकूर बदलला तरच नाव बदलतं, बाकीच्या फाईली लोकांच्या कॅशमध्ये तशाच कामाला येतात.

बिल्ड टूल नसेल तर पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह, व्ही आणि आकडा हे चालतं. ब्राउझर त्याला नवीन पत्ता समजतो. फक्त काही सीडीएनच्या सेटिंगमध्ये प्रश्नचिन्हापुढचा भाग कॅशसाठी धरतच नाहीत, म्हणून जमेल तिथे नावच बदललेलं बरं. आणि तिथे दर वेळी आत्ताची वेळ किंवा रँडम आकडा टाकू नका, मग कॅशचा उपयोगच संपला.

अ‍ॅडमिनमधून अपलोड होणारे फोटो लोक विसरतात. त्याच नावाने नवीन फोटो चढवला की जुनाच दिसतो. अपलोड होतानाच सर्व्हरने नाव बदलून ठेवावं, नाहीतर पत्त्यात रेकॉर्ड बदलल्याची वेळ जोडावी.

अपलोडचा क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी नवीन सीएसएस-जावास्क्रिप्ट चढवायच्या, त्या पूर्ण गेल्या की मग एचटीएमएल. उलट केलं तर मधल्या काळात नवीन पान अशा फाईली मागतं ज्या अजून आलेल्याच नाहीत. आणि जुन्या फाईली लगेच उडवू नका, निदान काही दिवस राहू द्या, कारण कोणाच्यातरी टॅबमध्ये कालचं पान उघडं आहे आणि ते पुढच्या क्लिकला कालचीच फाईल मागणार आहे.

त्या जुन्या फाईली नसल्या तर काय होतं ते सिंगल पेज अ‍ॅपमध्ये बघण्यासारखं आहे. सर्व्हरला फाईल सापडत नाही, पण ट्राय-फाइल्सचा नियम म्हणतो सापडलं नाही तर इंडेक्स दे, म्हणून जावास्क्रिप्टच्या पत्त्यावर २०० सह एचटीएमएल जातं. ब्राउझर पहिलं अक्षर बघतो, ते असतं एचटीएमएलचा कोनी कंस, आणि कन्सोलमध्ये 'अनएक्स्पेक्टेड टोकन' ची लाल ओळ येते, पान पांढरं. याहून वाईट म्हणजे त्या चुकीच्या उत्तरावर वर्षभराची मुदत गेली असेल तर ते चुकीचंच उत्तर त्या नावाखाली वर्षभर बसतं. म्हणून असेट्सच्या (सीएसएस, जावास्क्रिप्ट, फोटो वगैरे फाईलींच्या) फोल्डरला इंडेक्सवर पाठवायचा नियम लावायचा नाही, नसेल तर सरळ ४०४ द्यायचा, आणि एनजिनएक्समध्ये तिथे अ‍ॅड-हेडरला 'ऑलवेज' जोडायचं नाही, म्हणजे ४०४ वर लांब मुदत जात नाही.

दिवसेंदिवस उघडा राहणारा टॅब हा अजून एक प्रकार, तिथे एचटीएमएल परत मागितलंच जात नाही त्यामुळे कुठलंही हेडर उपयोगाचं नाही. एक छोटी आवृत्तीची जेसन फाईल ठेवा, अ‍ॅपने अधूनमधून, किंवा टॅब परत समोर आला की, ती नो-स्टोअर लावून मागवावी आणि आकडा वेगळा दिसला तर 'नवीन आवृत्ती आली आहे, रिफ्रेश करा' अशी पट्टी दाखवावी. आपणहून रिलोड मारू नका, माणूस फॉर्म भरत असेल तर त्याचं सगळं जाईल.

बॅक बटण

हेडर सगळी बरोबर, तरी बॅक दाबलं की जुनं दिसतं. कारण बॅकला ब्राउझर बऱ्याचदा पान परत लोडच करत नाही, स्क्रिप्टच्या स्थितीसकट आख्खं पान मेमरीत गोठवून ठेवलेलं असतं ते तसंच समोर आणतो. याला बीएफकॅश म्हणतात. फायरफॉक्समध्ये हे २००५ पासून आहे, क्रोममध्ये अँड्रॉइडवर २०२० ला आणि डेस्कटॉपवर २०२१ ला आलं. शिवाय साध्या कॅशच्या बाबतीतही मुदत संपलेली प्रत हिस्टरीतून दाखवायला नियम परवानगी देतात, म्हणून नुसत्या नो-कॅशने बॅक बटण सुटत नाही.

इलाज जावास्क्रिप्टमध्ये आहे. विंडोवर 'पेजशो' हा इव्हेंट ऐका, त्यात 'पर्सिस्टेड' ट्रू आलं की पान बीएफकॅशमधून आलंय. तिथे आख्खं पान रिलोड करण्यापेक्षा जे बदलू शकतं तेवढंच परत मागवा, कार्टमधला आकडा, शिल्लक, लॉगिन आहे की नाही. लॉगआउट झालेलं असेल तर मात्र सरळ लॉगिनकडे पाठवा. पूर्वी नो-स्टोअर असलेलं पान बीएफकॅशमध्ये जायचं नाही, क्रोमने हा नियम आता थोडा सैल केलाय, कुकी बदलली तर ते पान टाकून देतो, म्हणून लॉगआउटला सेशनची कुकी खरोखर बदलली किंवा काढली जातेय याची खात्री करा. बीएफकॅश बंद पाडायला अनलोड इव्हेंट लावायचा जुना जुगाड करू नका, सगळ्यांचंच बॅक हळू होतं आणि तो इव्हेंट ब्राउझर हळूहळू काढून टाकतायत.

स्क्रिप्टने मागवलेला डेटा

पान ताजं आणि आतला तक्ता जुना असेल तर एपीआयच्या (स्क्रिप्ट जिथून डेटा मागवते त्या पत्त्याच्या) रिस्पॉन्सवर कॅश-कंट्रोल नाहीये. दुरुस्ती तिथेच, सर्व्हरवर. एपीआय दुसऱ्याची असेल आणि आपल्या हातात नसेल तर फेचला कॅश ऑप्शनमध्ये 'नो-स्टोअर' द्या, जेक्वेरीत कॅश फॉल्स, ते पत्त्यापुढे वेळेचा आकडा जोडतं.

सीडीएन

सीडीएनवर पर्ज (तिथली साठवलेली प्रत पुसण्याचं बटण) दाबलं की लोकांच्या ब्राउझरमधली प्रत जात नाही. हे दोन वेगळे डबे आहेत आणि पर्ज फक्त पहिला रिकामा करतं. म्हणून ब्राउझरसाठी मॅक्स-एज शून्य आणि सीडीएनसाठी एस-मॅक्सएज मोठं, ही जोडी छान चालते, बदल केला की पर्ज, आणि ब्राउझर तर विचारायला येणारच आहे.

क्लाउडफ्लेअर मुळात एचटीएमएल कॅश करत नाही, सीएसएस, जेएस, फोटो करतं, पण कोणी 'कॅश एव्हरीथिंग' चा नियम लावून गेला असेल तर एचटीएमएलही अडकतं. तिथलं 'ब्राउझर कॅश टीटीएल' हे सेटिंगही बघा, ते तुमच्या हेडरवर स्वतःची मुदत लादू शकतं, 'रिस्पेक्ट एक्झिस्टिंग हेडर्स' वर ठेवलेलं बरं. एकाच पत्त्यावर भाषेप्रमाणे वेगळं पान देत असाल तर सीडीएन पहिल्याची भाषा सगळ्यांना देऊ शकतं, सोपं म्हणजे भाषेचा पत्ताच वेगळा ठेवा.

सर्व्हिस वर्कर

सगळ्यात चिवट हाच. सर्व्हिस वर्करची कॅश कॅश-कंट्रोल बघतच नाही, कोडमध्ये 'आधी कॅश, मग नेटवर्क' लिहिलं असेल तर तो कितीही महिने जुनं देत राहील. पानांसाठी आधी नेटवर्क, नेट नसेल तरच कॅश, असं लिहा. हॅश नावाच्या फाईलींसाठी आधी कॅश ठीक आहे. कॅशच्या नावात आवृत्ती ठेवा आणि अ‍ॅक्टिव्हेटमध्ये जुन्या नावाच्या कॅशेस डिलीट करा.

जुना वर्कर नको झाला तर लोक ती फाईल सर्व्हरवरून उडवतात, आणि इथे फसतात, लोकांच्या ब्राउझरमधला वर्कर तसाच चालू राहतो. फाईल त्याच नावाने, त्याच जागी ठेवायची, आत नवीन कोड, इन्स्टॉलमध्ये स्किप-वेटिंग, अ‍ॅक्टिव्हेटमध्ये सगळ्या कॅशेस पुसायच्या, मग स्वतःला अनरजिस्टर करायचं आणि उघडे टॅब पुन्हा लोड करायचे. ब्राउझर ही फाईल बाइटला बाइट लावून तपासतो, फरक दिसला की नवीन घेतो. ही फाईल बरेच महिने तशीच राहू द्या, वर्षाने परत येणारे लोकही असतात.

कायमचं रिडायरेक्ट

३०१ (कायमचं रिडायरेक्ट) ला मुदत दिली नाही तर ब्राउझर ते वाटेल तितके दिवस धरून ठेवू शकतो. जुना पत्ता टाकला की तो सर्व्हरला न विचारता थेट नव्या पत्त्यावर जातो, मग तुम्ही रिडायरेक्ट काढून टाकलात तरी त्याला कळत नाही. आधी ३०२ (तात्पुरतं रिडायरेक्ट) ने चालवून बघा, खात्री झाली की ३०१, आणि त्यालाही सुरुवातीला मॅक्स-एज ३६०० लावा, म्हणजे चुकलं तर नुकसान तासाभराचं.

जे आधीच अडकलेत त्यांचं काय

एचटीएमएललाच कोणीतरी आठवड्याची मुदत देऊन ठेवली होती आणि लोकांकडे ते पान बसलंय, अशा वेळी 'क्लिअर-साइट-डेटा' हे हेडर आहे. त्याची किंमत 'कॅश' आणि ती दुहेरी अवतरण चिन्हांतच लिहावी लागते, चिन्हं नसली तर ब्राउझर दुर्लक्ष करतो. फक्त एचटीटीपीएसवर चालतं. युक्ती अशी की ते पान जरी कॅशमधून येत असलं तरी ते सर्व्हरकडे काहीतरी मागतच असतं, एखादी एपीआय, एखादा न कॅश होणारा कॉल, त्याच डोमेनवरच्या त्या उत्तरासोबत हे हेडर पाठवायचं, त्या साईटची कॅश पुसली जाते आणि पुढच्या क्लिकला नवीन पान येतं. काम जड आहे, म्हणून एकदा झालं की कुकीत खूण ठेवा आणि त्या माणसाला परत पाठवू नका. आणि किंमत म्हणून चांदणी (*) लिहू नका, सगळ्यांचं लॉगिनही उडेल. लॉगआउटच्या रिस्पॉन्सवर मात्र हे हेडर कायम ठेवायला हरकत नाही.

सगळं लावून झालं की तपासणी याच क्रमाने करा: कर्लने इंडेक्सचं हेडर, मग एका हॅश फाईलचं, मग मुद्दाम नसलेल्या जावास्क्रिप्ट फाईलचा पत्ता मारून ४०४ येतो का ते. त्यानंतर ज्या ब्राउझरमध्ये जुनं पान आधीच उघडलेलं आहे अशा मोबाईलवर, कॅश न पुसता, लिंकवरून पानावर या. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात बिल्डचा आकडा छापून ठेवला असेल तर कोणत्याही तक्रारीत समोरच्याला फक्त तो आकडा विचारायचा.